कॅमेऱ्यासमोर बसवलेलं घर

ती घटना आठवली की आजही आधी तो आवाज कानात येतो : "कौन आया है? दरवाज़ा मत खोलना!" हे शब्द पहिल्यांदा ऐकले ते मोहल्ल्यातल्या एका बाईंनी, बंद दाराला कान लावून. ऐकले आणि त्या तशाच धावत मध्य प्रदेशातल्या, बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्याच्या ठाण्यात आल्या.

त्या वेळी मी तिथला ठाणेदार होतो. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, म्हणून गोष्टी सांगायला मोकळा आहे. बायको म्हणते, नोकरीतही तुम्ही मोकळेच होता. नाव मात्र कोणाचंही घेणार नाही.

रविवारची सकाळ होती. मी ठाण्याच्या नोंदवहीचा, रोजनामच्याचा, कालचा भाग वाचत होतो, म्हणजे रोजनामचा पुढ्यात ठेवून पोहे खात होतो. आलेल्या बाई मोहल्ल्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. गणवेश पाहून लोक आवाज खाली करतात. या बाईंना पाहून माझे शिपाई आवाज खाली करत. आज मात्र त्यांचाच आवाज फुटत नव्हता.

"साहेब, त्या मोटर-वाइंडिंगवाल्या भाऊच्या घरात कोणीतरी घुसलं हाय."

"पाहिलं तुम्ही?"

"पाहिलं नाही, ऐकलं. विहारात रविवारची वंदना भाऊच घेते. ताप असला तरी येते. आज आला नाही म्हून मी बलवाले गेलती. आतून म्हणते, तब्येत बरी नाही. मी म्हणलं, वैनीले पाठव. तं दुसराच माणूस हिंदीत खेकसला, दरवाज़ा मत खोलना. साहेब, कालपासून त्या घरी कुकरची शिट्टी नाही वाजली. आन् घरात पोरगी हाय."

पोरगी कोण ते साऱ्या लामत्याला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात समाज मंदिरात तिचा सत्कार झाला होता. दिल्लीच्या एका नामांकित विद्यापीठात तिला अर्थशास्त्राच्या बी.ए. ऑनर्सला जागा मिळाली होती. "बी.ए. साठी दिल्ली? बी.ए. तं बालाघाटलेच होते!" असं म्हणणारे होतेच. पण तिथली फी ऐकली की तेही डोळे मोठे करत. बापाने जिल्ह्यातल्या सगळ्या मोटरी पुन्हा गुंडाळल्या असत्या तरी ती भागली नसती. एका न्यासाने जिल्ह्यातली एकच मुलगी निवडून तिची फी, वसतिगृह आणि जेवणाचा खर्च उचलायचं कबूल केलं होतं. ती मुलगी हीच.

आम्ही जीप काढली. नक्षलवाद्यांच्या बैहरच्या जंगलात मी गस्त घातली आहे. तिथे भीती कुठल्या बाजूने येईल याचा थोडा तरी अंदाज असतो. इथे चार घरांच्या गल्लीत, भर उजेडात, कुलूप नसलेल्या दारामागे तीन माणसं अडकली होती, आणि आत किती जण आहेत, हातात काय आहे, कशाचाच पत्ता नव्हता.

दोन शिपाई समोर लांब उभे केले. मी आणि प्रधान आरक्षक, म्हणजे आमच्याकडचा हवालदार, शेजारच्या अंगणातून मागे गेलो. न्हाणीजवळच्या खिडकीला मी डोळा लावला.

चटईवर बाप, आई, मुलगी ओळीने बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर. समोर स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. मी खोलीचा कोपरा न् कोपरा पाहिला. चौथं माणूसच नव्हतं! तरीही तिघांतलं कोणी मान वळवत नव्हतं. आजवर इतके ओलीस प्रसंग ऐकले, पण पहारेकरी नसलेला तुरुंग मी पहिल्यांदा पाहत होतो.

तेवढ्यात आईने हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा. "साहब, पानी पी लूँ?"

"जाओ, सिर्फ़ दो मिनट," मोबाइल म्हणाला.

ती मागच्या दारी आली, आम्हाला पाहिलं आणि स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मग कुजबुजली, "जा साहेब, हात जोडतो. फोनवर दिल्लीचे पोलीस हायेत. कोणाले सांगितलं तं पोरीच्या बापाले आन् मामाले, दोघाईले नेतीन."

पोलिसांच्या भीतीने ती पोलिसांनाच घालवून देत होती.

"नेतील कशासाठी?"

"रेशनकार्डासाठी. पोरीचं नाव दोन्हीकडे हाय."

मला उलगडा झाला. आमच्या भागात अर्धे सोयरे वैनगंगेच्या अलीकडे, अर्धे पलीकडे महाराष्ट्रात, गोंदियाकडे. मुलगी अकरावी-बारावीला मामाकडे राहते. मामा प्रेमाने तिचं नाव आपल्या कार्डावर चढवतो. इथलं नाव कापायचं मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. हे इतकं सर्रास चालतं की त्याला कोणी चूकसुद्धा म्हणत नाही. फोनवरचा माणूस मात्र म्हणत होता : दोन राज्यांची फसवणूक, जामीन नाही. सुटकेचा मार्ग एकच. मुलीने आपल्या हाताने जागा आणि मदत दोन्ही सोडायची. न्यासाच्या पोर्टलवर 'स्वीकार' आणि 'नकार' अशी दोन बटणं होती आणि पोर्टल त्याच संध्याकाळी बंद होणार होतं.

"आमी दोघंही तिच्या पाया पडून राह्यलो साहेब," आई म्हणाली. "पोरगी आयकतच नाही."

पैसे न मागणारा ठग! इथेच मला हा माणूस वेगळा वाटला. फोनचा माग काढायला सायबर शाखेला सांगितलं, पण तो कॉल इंटरनेटवरून होता आणि हातात संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता. त्याला तोवर फोनवर धरून ठेवायचं तर आत घरचंच माणूस हवं होतं. मी आईला आत पाठवलं, गणवेशाचा शर्ट काढला, दोरीवरची लुंगी नेसलो, डोक्याला गमछा बांधला.

"सर, ये क्या कर रहे हो? थानेदार साहब लुंगी में?" प्रधान आरक्षक कळवळला.

"आता मी मामा आहे. तू बाहेर सायबरवाल्यांचा फोन सांभाळ."

आत शिरताना मी जे भोकाड पसरलं, ते ऐकून मुलीचा बापही दचकला. "भाऊजी! काय होऊन बसलं हे! पोरीच्या शिक्षणापायी मी जेलात जाऊन राह्यलो काय?"

पडद्यावर गणवेशातला माणूस होता. सर्दी झाल्याचं सांगून त्याने मास्क लावला होता. डोक्यावर टोपी होती, आणि ती टोपी पाहूनच मी मनात हसलो. आपल्या खोलीत आपल्या टेबलाशी बसलेला अधिकारी टोपी घालून बसत नाही. टोपी टेबलावर असते, नाहीतर खिळ्याला.

"ये कौन है?"

"मामा हाव साहेब, गोंदियाचा!"

त्याने तोंड पडद्याजवळ आणलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "झूठ. मामा तो दुबला है. चश्मा लगाता है."

आईने डोळे मिटले. आता फोन बंद झाला असता तर तो माणूसही हातचा गेला असता, आणि या घरातली भीती तशीच राहिली असती.

"तो लहान मामा, साहेब. मी मोठा! त्याच्या वाटचं जेवण मीच खाल्लं ना लहानपणी!"

त्याने मला पडद्यावरूनच निरखलं. "ठीक है. बड़े मामा, तुम समझाओ लड़की को."

मी मराठीत रडत होतो आणि दिल्लीच्या साहेबाला एकही शब्द अडत नव्हता. शिवाय त्याने मामाला डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे माणूस इथलाच होता. मी "तोंड धुऊन येतो" म्हणून मागे आलो. आमच्या मागोमाग आलेल्या महिला मंडळाच्या बाई तिथेच उभ्या होत्या.

"सत्काराला मामा आले होते?"

"हौ, हार घातला ना त्याईले."

"गावाबाहेरचं आणखी कोण होतं?"

"बालाघाटचा तो गाइडन्सवाला सर. कोणता कोर्स घ्यावा, फी किती, मदत कुठून भेटते, लई बोलला. मामाच्या बाजूलेच बसलता. मी चहा देऊन राह्यली, तं मामा त्याले सांगे, पोरगी दोन वर्सं आमच्याकडे होती, रेशनकार्डावर नाव चढवलं, सगळंच."

मी बालाघाटच्या मुख्य ठाण्याला, कोतवालीला, फोन लावला. त्या गाइडन्सवाल्या सरांच्या केंद्रावर जा, शटर बंद असेल तरी जा. मग गमछा सारखा केला आणि पुन्हा रडायला आत गेलो.

आतलं दृश्य पालटलं होतं. तो माणूस ओरडत होता, "गाड़ी निकल चुकी है! दबाओ बटन!" मुलीचा मोबाइल तिच्या मांडीवर होता, पोर्टल उघडलेलं. बाप गुडघ्यांवर आला होता. आयुष्यभर कोणापुढे न वाकलेला तो माणूस पोटच्या पोरीपुढे हात जोडून म्हणत होता, "सोड ना बाई ते शिक्षण. जीव राहिला तं शिक्षण."

"नाही दाबत बाबा. मी चोरी नाही केली."

"तुझ्या मामाले बेड्या घालतीन!"

"घालू दे, मी सोडवीन."

आणि मग बापाने तिचा हात धरला, तिचं बोट ओढून त्या बटणाकडे नेऊ लागला. ती रडत नव्हती, फक्त मूठ आवळत होती. मी काही बोललो असतो तर सोंग उघडं पडलं असतं, गप्प राहिलो असतो तर तिचं सगळं गेलं असतं. म्हणून मला जे बरं जमतं ते केलं. "अरे माय!" म्हणून छाती धरली आणि माझ्या सगळ्या वजनासकट तिच्या मोबाइलवर कोसळलो.

"क्या हुआ? बड़े मामा को क्या हुआ?" पडद्यावरचा आवाज पहिल्यांदा घाबरला. खंडणीचा, धमकीचा गुन्हेगार बिनधास्त असतो, पण मढ्याला फार भितो. आईला मीच खुणावलं, ती पंख्याने वारा घालू लागली. मी कण्हत राहिलो. मोबाइल माझ्या पोटाखाली सुरक्षित होता. किती वेळ कण्हलो ठाऊक नाही. प्रधान आरक्षक नंतर म्हणाला, सर, शेवटी शेवटी मलाच शंका आली.

मग पडद्यावर शटर वाजलं. टोपीवाला मागे वळून म्हणाला, "आज संडे है, क्लास बंद है, कल आना."

कोतवालीचा माणूस उद्या येणार नव्हता. टोपी पडली, मास्क ओढला गेला. वर गणवेशाचा शर्ट आणि खाली घरचा पायजमा अशा अवतारात मार्गदर्शक सर उभे राहिले. मुलीच्या आईने पंखा खाली ठेवला. "हा तं आपल्याच घरी जेवलता," एवढंच ती म्हणाली.

प्रधान आरक्षकाला तिथे ठेवून मी बालाघाटला गेलो. सर शांत होते. म्हणे, ही जनजागृती होती. मी वाद घातला नाही. चहा मागवला, माझ्या भाच्यासाठी सल्ला विचारतो म्हटलं. कोणता कोर्स, किती फी, वसतिगृह कुठलं? माणूस खुलला. खरोखर जाणकार होता हो! त्या ज्ञानावर प्रामाणिकपणे जगला असता तर मीच त्याचा सत्कार केला असता.

"आणि ही मुलगी मागे सरली असती तर मदत कोणाला?"

"वेटिंगवर पहिली आमच्याच सेंटरची..." एवढं बोलून त्याने कप खाली ठेवला. मीही ठेवला. त्या दुसऱ्या मुलीच्या बापाला त्याने 'काम होऊन जाईल' असा शब्द दिला होता. त्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी जबाब लिहून घेत असतानाच प्रधान आरक्षकाचा फोन आला. "सर, लड़की बटन नहीं दबा रही. दोनों में से कोई भी नहीं."

पकडलेल्या चोराने चोरी अजून सोडली नव्हती! जीप पळवली. पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मुलगी तशीच चटईवर, मोबाइल पुढ्यात पालथा.

"बाळा, तो माणूस कोठडीत आहे. दाब."

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही पोलीस आहा कशावरून? तोही गणवेशातच होता. सकाळी तं तुम्ही लुंगीत होता."

बाप ओशाळला. "अवं, साहेब हायेत ते!"

"तोही साहेबच होता, बाबा."

मी ओळखपत्र काढून दिलं. तिने ते वाचलं, फोटो माझ्या तोंडाशी ताडून पाहिला, शेजारच्या बाईंचा फोन मागून ठाण्याला लावला, ठाणेदार दिसतात कसे असं विचारलं. पलीकडचा शिपाई काय म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही, पण तिच्या ओठांवर हसू आलं.

"मामाले खरंच जेल होईल?"

मी तिला खोटा धीर दिला नाही. "नाव दोन्हीकडे ठेवणं चूक आहे. उद्या जाऊन एकीकडचं कापा. फार तर नोटीस येईल, उत्तर द्यावं लागेल. पण त्यासाठी कोणी तुझं शिक्षण काढून घेऊ शकत नाही."

ती उठली. समोरच्या दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या भिंतीला लागेपर्यंत उघडल्या आणि ओट्यावर उभी राहून हाक मारली, "मावशी, या ना सगळ्याजणी आत!" मोहल्ला दारातच ताटकळत होता. खोली भरली, खिडकीत माणसं लटकली. तेवढ्या सगळ्यांसमोर तिने 'स्वीकार' दाबलं.

"दाबलं काय?" कोणीतरी मागून विचारलं.

"दाबलं!"

बाप भिंतीला टेकून रडला. सकाळपासून मी रडत होतो ते सोंग होतं. त्याचं खरं होतं, म्हणून त्याला आवाज नव्हता.

नोकरीत मी पुष्कळ अटका केल्या. अटक करताना आम्हाला पंचनाम्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, घरच्यांना कळवावं लागतं, चोवीस तासांत न्यायालयापुढे उभं करावं लागतं. गल्ली जमते, पोरं जीपमागे धावतात. कायदा असाच येतो, चारचौघांत, गाजावाजा करत. त्या घराला घाबरवायला मोठं खोटं लागलं नाही. घरातलीच एक लहानशी खरी चूक पुरली. शहाणी माणसंही त्या चुकीच्या लाजेने दार लावून घेतात, आणि एकदा दार लागलं की बाहेरच्या माणसाला फक्त हुकूम सोडायचे असतात. म्हणून आता कोणी घाबरून माझ्याकडे आलं तर गुन्हा काय, कलम कोणतं, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "त्याने कोणाला सांगू नका असं म्हटलं का?" उत्तर 'हो' असेल तर मी सांगतो : मग तो हुकूम सरकारचा नाही. जा, आधी शेजाऱ्याला सांगा.