गिरजाबाईंची वरून मिठाची पोपटी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस एकही नाही. स्थळ रोह्यातलं पद्मजाबाईंच्या घराचं मागलं अंगण, वेळ जानेवारीतली उतरती दुपार. डावीकडे मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उजवीकडे पेंढा आणि सुक्या काटक्यांचा ढीग, मधोमध एक काळंकुट्ट रिकामं मडकं. आणि तुळशीमागच्या विंगेतून गिरजाबाई प्रवेश करते. डोक्यावर वालाच्या शेंगांची पिशवी, काखेत भांबुर्ड्याचा पाला, आणि तोंडात घरातून निघतानाच सुरू झालेलं वाक्य.

पद्मजाबाई जित्याकडच्या एका शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, त्याचा हा समारंभ. गिरजाबाईचं शेत त्या शाळेला लागून. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, आणि शेंगा भरल्या की बाईंच्या पिशवीत ओंजळभर टाकायच्या, अशी त्यांची मैत्री वाढली.

गिरजाबाई कुठल्याही समारंभाला नुसती जेवायला जात नाही. बारसं असो, नव्या स्कूटरची पूजा असो, ती काहीतरी करून नेते आणि खाणाऱ्याला समोर बसवून कृतीही देते. ‘खाल्लंस ते उद्या संपलं, शिकलंस ते राहील,’ असं तिचं म्हणणं. माझ्यासारख्या बाईलाही, जिने उभं आयुष्य नाटक कंपनीच्या पंगतीत काढलं, तिने साठीनंतर तांदळाच्या पिठाची गोड बोरं तळायला शिकवली. ती तेलात फुटली नाहीत. फुटली असती तर तो गिरजाबाईला अपमान वाटला असता.

त्या दिवशी गाडीत ती जित्याला चढली, मी पेणला. नागोठण्याला तिची थोरली नणंद धोंडुबाई चढली. धोंडुबाईला बोलावणं नव्हतं, पण भावजय मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावणार आणि आपण नसणार, हे त्या घरात कधी घडलेलं नाही.

“काय गो गिरजे, आज कोणाला बिघडवतेस?”

“वन्सं, मी शिकवलेलं आजवर कोणाचं चुकलं नाय.”

“आणि चुकलं तर?”

“तर त्या दिवसापासून मडकं तुमच्या हाती. घरात कुठल्याबी कार्याला पोपटी तुम्ही लावायची, मी नुसती खाईन.”

हे शब्द माझ्यासमोर उच्चारले गेले. मी साक्षीदार.

अंगणात पद्मजाबाईंची लेक आसावरी मोबाईल धरून उभी राहिली. गिरजाबाई मडकं भरत होती आणि एकेक सांगत होती. तळाला पाला, त्यावर शेंगा, ओवा चोळून, मध्ये बटाटे, रताळी, वांगी, मग परत शेंगा. “शेंग दाबायची नाय. तिला वाफेला जागा हवी, आपल्याला बसायला लागते तशी.” तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडकं उपडं केलं, पेंढा रचला, काडी लावली. जाळ उठला, खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. गिरजाबाईने पान काढायला कनवटीला हात घातला, आणि तिथे जाड्या मिठाची पुडी लागली.

रणांगणावर येऊन उभ्या राहिलेल्या आणि तलवार विंगेत विसरलेल्या नटाचा चेहरा मी ओळखते. मिठागरांच्या पेण तालुक्यातली बाई, आणि मीठ राहिलं. मडकं उघडावं तर वाफ जाते, शेंगा कच्च्या राहतात. न उघडावं तर पोपटी अळणी.

“काय झालं गो? विंचू चावला?” खुर्चीतून धोंडुबाई.

“धूर गेला वन्सं, डोळ्यात.”

धूर दुसऱ्या दिशेला जात होता. समोरचा नट वाक्य विसरला तर प्रेक्षकांना सांगायचं नसतं.

मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, तो चर्र करून उडाला. झाली. केळीच्या पानांवर शेंगा ओतल्या, खमंग वासाने माणसं पुढे सरकली. कुणाचा हात पडायच्या आत गिरजाबाई पुडी उघडून ताठ मानेने फिरू लागली आणि प्रत्येकाच्या पानाच्या कडेला चिमूट ठेवत गेली.

“आज मीठ वरून. ज्याचं त्यानं, जिभेला लागल तेवढं. नवी रीत हाय.”

माणसं तुटून पडली. गोड दाणा आणि त्यावर दाताखाली कुरकुरणारं मीठ. धोंडुबाईने दोनदा मागून घेतलं आणि एकही खोट काढली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आसावरीने व्हिडिओ सगळीकडे पाठवला; त्यात दिसत होते ते फक्त मडकं आणि हात. ‘गिरजाबाईंची पोपटी, मीठ वरून.’

पुढच्या थंडीत धोंडुबाईचा नातू नितेश कंपनीत पर्मनंट झाला. पार्टी पेणजवळ, त्याच्या सासुरवाडीच्या शेतात. मडकं अर्थातच गिरजाबाईकडे. तिने पाला घातला, शेंगा घातल्या आणि ओव्यापाठोपाठ मिठाची मूठ उचलली. नितेशची मेव्हणी पिंकी हिने तिचा हात धरला.

“काकी, थांबा. आत मीठ नाय टाकायचं.”

“का गो?”

“गिरजाबाईंची रीत हाय ती. धाटावच्या माझ्या मैत्रिणी पण तशीच करतात. तुमच्याकडे अजून जुनीच का?”

गिरजाबाईची मूठ तशीच वर राहिली. समोर खुर्चीत धोंडुबाई. नुसतं ‘व्हय का’ म्हणून हात मागे घेतला असता तर मानही राहिला असता आणि मडकंही. तिने मूठ हळूच पुडीत सोडली.

“पोरी, मीच ती गिरजाबाय. रीतबीत काय नाय. मीठ टाकायचं विसरले व्हते मी.”

पिंकीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “व्हिडिओत तसं नाय सांगितलेलं.”

“व्हिडिओत खोटं सांगितलंय.” मग गिरजाबाई नणंदेकडे वळली आणि भरलेलं मडकं तिच्यापुढे सरकवलं. “घ्या वन्सं. शब्द दिला व्हता. माझं शिकवणं चुकलं, आणि ते पार धाटावपर्यंत गेलं.”

धोंडुबाईने मडक्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. “मला कशाला देतेस? मला वाकायला होत नाय. आणि पुडी कनवटीला राहिली ती मला तवाच दिसली व्हती.”

“मग बोलला का नाय?”

“बोलले असते तर तू मडकं उघडून मीठ घातलं असतंस. लग्न होऊन आलीस तवापासून तुझी पोपटी खाते. खारट असते गो. त्या दिवशी पयल्यांदा पोटभर खाल्ली.”

पंगत हसली. गिरजाबाई मात्र पुडीकडे बघत राहिली, इतक्या वर्षांच्या पोपट्या एकेक आठवत असल्यासारखी. पिंकी मधेच अडकलेली, हातात पाल्याचा बोळा.

“मग आता मीठ आत की वर?” तिने विचारलं.

गिरजाबाईने मडकं परत आपल्याकडे ओढलं, पुडीला गाठ मारली आणि कनवटीला खोचली.

“वरूनच दे गो. पण आजपासून रीत वन्सांच्या नावानं सांग. कोणाची अळणी झाली तर भांडायला नागोठण्याला जाऊ दे.”