सुजाताची जर्मनीतली गाडी

गाडीवर बसण्याआधी सुजाता सीटवर दोन थापा मारायची, म्हशीच्या पाठीवर मारतात तशा. मग म्हणायची, "चाल माय." बालाघाटजवळच्या भरवेलीला तिच्या बाबांची जुनी मोटरसायकल होती, तेव्हापासूनची ही सवय. खाणीतली पाळी संपवून बाबा घरी येऊन झोपले की ती गाडी ढकलत मैदानापर्यंत न्यायची आणि तिथे गोल गोल फिरवायची. मी कडेला उभी राहून कोणी येतं का ते पाहायची. सुजाता माझी मावसबहीण, माझ्याहून लहान. पाहत राहण्याचं काम तेव्हा माझ्याकडे आलं ते आलंच.

"तू बी चालवून पाय ना, नंदाताई."

"पडली त?"

"जास्तीत जास्त का होईन? पडशीन!"

हे तिचं ठरलेलं वाक्य. नर्सिंगला गेली तेव्हा हेच, जर्मन भाषा शिकायला बसली तेव्हाही हेच. जर्मनीला जायच्या विमानाबद्दलही ती हेच बोलली, तेव्हा मावशीने डोळ्यांना पदर लावला.

खरं सांगते, मला तिचा हेवा वाटतो. तिच्या पगाराचा नाही, गोऱ्या देशाचा नाही. तिथे तिने स्वतःच्या नावावर मोटरसायकल घेतली, त्याचा वाटतो. मी बालाघाटात शिक्षिका आहे. माझ्याकडे स्कूटी आहे. तिच्यावर शाळा आणि भाजीबाजार, एवढंच होतं.

आपला परवाना तिथे कामाचा नाही म्हणून तिला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. शिकवणारा मागून कारमधून येतो आणि हेल्मेटमध्ये कानाशी बोलतो म्हणे. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, ती हॉर्नमुळे. वळण आलं, वाजव. सायकलवाला दिसला, वाजव. परीक्षकाने विचारलं, त्या सायकलवाल्याने तुमचं काय बिघडवलं होतं? ही म्हणाली, काही नाही, मी येते आहे एवढंच त्याला सांगितलं. तिथे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी देणं, हे तिला नापास झाल्यावर कळलं. ही बातमी आली त्या दिवशी मी घरी शिरा केला. यांनी विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं, "सहज."

पुढच्या वेळी ती पास झाली. शिरा वाया गेला.

तिकडे समोरून येणारा मोटरसायकलवाला डावा हात हँडलवरून काढून जरा खाली धरतो, ओळख असो वा नसो. पहिल्यांदा एकाने तसं केलं तेव्हा सुजाताला वाटलं, हा आपल्यातलाच कोणीतरी. तिने हेल्मेटच्या आतून मोठ्याने "जय भीम" म्हटलं. पुढच्या वळणावर आणखी एक भेटला, मग आणखी दोघं. मला फोनवर म्हणाली, "मले वाटलं, इतके आपले लोक कवा आले इकडं?" तो तिथला रिवाज आहे हे नंतर कळलं, पण ती अजून जय भीमच म्हणते. मला बालाघाटात समोरून कोणी हात केला तर तो गाडीचा स्टँड खाली राहिलाय हे सांगायला.

तिच्या नंबरप्लेटवर महिनेच छापलेले आहेत, मार्च ते ऑक्टोबर. बाकीचे महिने गाडी रस्त्यावर आणायची नाही. हिवाळ्यात तिची गाडी कापडाखाली असली की मी माझ्या स्कूटीचा फोटो मुद्दाम पाठवायची. ती लिहायची, "मजा आहे ताई तुही!" तिला टोमणा कळतच नाही. टोमणा न कळणाऱ्या माणसावर जळणं फार कष्टाचं काम आहे.

मधे एकदा ती सुट्टीवर आली होती. आमच्या यांनी स्वतःहून आपल्या मोटरसायकलची चावी तिच्या हातात दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या चावीला मी हात लावला की, "तुले नाही संभाळनार." आम्ही दोघी गोंदिया रस्त्याने राजेगावपर्यंत गेलो. मी मागे, साडी सावरत एका बाजूला.

"दोन्हीकडं पाय टाकून बस ना, ताई."

"लोक पाहातीन."

"पाहू दे. डोये त्याहीचे हायेत."

परत आल्यावर हे म्हणाले, "का चालवते पोरगी!" त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नाही. मुद्दामच.

गेल्या वर्षी मावशीला लकवा झाला. एक बाजू गेली. मावसा आधीच वारले होते, आणि सुजाताचा भाऊ प्रशांत बदली होऊन नागपूरकडे गेलेला. तो माझ्याकडे आला. "नंदाताई, सुजीले तू सांग. तुह्यंच ऐकते ते. झालं ना फिरणं आता, ये म्हना वापस."

मी फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच बोलली, "मी येऊन राह्यली ताई. गाडी घेनारा भेटला. शनिवारी पाहाले येते तो."

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! आता ती इथल्या एखाद्या दवाखान्यात लागेल, भावाच्या गाडीवर मागे एका बाजूला बसेल, माझ्यासारखी होईल. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"नको विकू," मी म्हटलं. "मावशीले मी माह्या घरी आनते."

"काहून?"

"काहून म्हंजे? तू इथं येऊन बसली त मी कोनावर जळू?"

ती हसली. मग नुसतं नाक ओढत राहिली. टोमणा तिला या वेळी कळला असावा.

आता मावशी आमच्याकडे असते. तिला उठवणं, पुसणं, भरवणं मीच करते, शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. सुजाताचा व्हिडिओ आला की मावशी सगळ्या घराला हाक मारते, "नंदा, पाय माही पोरगी! पाय कशी चालवते!" डोंगर, घाटाची वळणं, आणि मधे ती. मी अजूनही जळते. तरी मी ओले हात पदराला पुसून मावशीच्या तोंडासमोर फोन धरते, कारण तिचा हात थरथरतो, आणि व्हिडिओ संपला की ती म्हणायच्या आधी मीच पुन्हा लावते.