फटफटी आणि आडव्या गाड्या

गावकऱ्यांनो, वाचता येतं त्यांनी इतरांना हे वाचून दाखवा.

आज सकाळी थोरल्या सुनेला बाळंतपणात फार रक्त जाऊ लागलं. उंब्रजचा बाजार, रस्ताभर बैलगाड्या. टांगा अडकला असता, म्हणून पलटणीतून आलेला माझा पुतण्या डॉक्टरांना फटफटीवर घेऊन निघाला.

आवाज ऐकून वेशीवर कुणीतरी ओरडलं, "पोलीस आलं रं! गाड्या आडव्या घाला!"

"आवं, डाक्टर हाय मागं! वाट द्या!" पुतण्या विनवत होता.

"समदं असंच म्हणत्यात!"

गाड्या हटेपर्यंत सून गेली, बाळही गेलं.

पोलीस फटफटीवरून येतात, चळवळीतल्या पोरांना धरून नेतात. मग दोष कुणाला देऊ? पण धाकट्या सुनेचेही दिवस भरत आलेत. पुन्हा आवाज आला तर गाड्या आडव्या घालाल की बाजूला घ्याल?