नाल्याकाठची पट्टी

छप्पन्न साली प्रांत मोडला. नागपूर मुंबईकडे गेलं, आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आमची भाताची बांधी आणि मामांची बांधी यांच्यामधून वाहणारा गुडघाभर पाण्याचा नाला एकाएकी दोन राज्यांची सीमा झाला.

कापणीच्या तोंडावर मोजणीवाले आले आणि आमच्या मधल्या धुऱ्याच्या बांधावर चुना फासलेला दगड रोवून गेले. नाल्यापासून चांगला वीस पावलं अलीकडे! त्या वीस पावलांच्या गाळातच आमचा सुवासिक चिन्नोर तांदूळ पिकायचा.

घरात मॅट्रिक झालेला मी एकटाच, म्हणून बाबांनी मला विचारायला पिटाळलं. मी छाती काढून मोजणीच्या अमिनाशी कचेरीतलं हिंदी बोललो. तो मराठीत म्हणाला, "मोजणीची खूण आहे. उद्या काढून नेऊ. हात लावू नका."

बाबा म्हणाले, "हात लावू नका म्हणते? मंग काहीतरी हाये. तुह्या मामानं फितवलं त्याले."

"माह्या भावाले दुसरे धंदे नाईत का?" आई फणकारली.

कापणीआधी धुऱ्यावरच्या दगडाला शेंदूर लावायची आमच्याकडची रीत. आईनं या नव्या दगडालाही लावला. सकाळपर्यंत दोन्ही काठच्या बायकांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. अमीन आला, दुरूनच हात जोडले आणि दगड तिथंच सोडून गेला.

झालं! बाबांना खात्री पटली, सीमा हीच. त्यांनी पुढच्या वर्षी दगडापलीकडची ती पट्टी नांगरलीच नाही. मामा नाल्यापलीकडून बाबांना ओरडले, "काहून जी भाटवे, पट्टी पडीत ठेवली?"

"तुमचीच ना आता? वाहा!"

"मले फसवता का? मी पाय ठेवला का तुमी ठाण्यात जाऊन बसान!"

पट्टीत रानगवत माजलं. आम्ही चिन्नोर बाजारातून आणून खाऊ लागलो.

दहा-बारा वर्षांनी मी जिल्हा कचेरीतून नकाशाची नक्कल आणली. सीमा नाल्यावरच, पट्टी आमचीच! बाबांनी कागद उलटासुलटा पाहिला. "हा काढला कोणं? अमिनानंच ना?"

बाबा वारल्यावर एका सकाळी मी एकटाच नांगर घेऊन पट्टीत शिरलो. नक्कल खिशात होती. नाल्यापलीकडून मामांच्या मुलानं हात उंच केला. राम राम करत होता की थांबवत होता, कळेना. हाक मारून विचारता आलं असतं. पण मी घाईनं बैल वळवले आणि नांगर धुऱ्याच्या अलीकडे आणला.