पहिल्या विटेपाशी थांबणारा

सोलापुरात माझ्याएवढा गेमतज्ज्ञ दुसरा नाही. खाली एक फळी, वर विटांची भिंत आणि मधे उड्या मारणारा चेंडू. हा गेम मी पहिल्याच दिवशी असा खेळलो की भिंतीनं हात जोडले आणि मोबाइल ओल्या टॉवेलात गुंडाळून थंड करावा लागला. खरं विचाराल तर तीन चेंडू मिळतात आणि ते तिन्ही मी चहाला उकळी यायच्या आत घालवले.

गेम माझ्या मुलीनं बनवलेला, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. दहा जणांकडून खेळवून घ्यायचा आणि प्रत्येकाचा एक कागद भरून आणायचा. दहाव्या माणसाचा कागद माझ्या हातात देताना ती म्हणाली, "बाबा, खरं लिहायचं. तुमच्या पद्धतीनं नाही."

दहावा म्हणजे माझा कारखान्यातला जोडीदार. अठ्ठावीस वर्षं आमचे यंत्रमाग शेजारी शेजारी चालले. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमची सगळी दोस्ती, भांडणं आणि वात्रटपणा हातवाऱ्यांवर झाला. दसऱ्यानंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, त्यानं आमचं फारसं अडलं नाही. उजवा हात गेला, तेव्हा मात्र निम्मी भाषा गेली.

रविवारी कुंभारीला त्याच्या घरी पोचलो. वैनी दारातच म्हणाल्या, "लई दिवसानं वाट सापडली की अण्णा." तो खाटेवर बसलेला होता. उजवा हात उशीवर ठेवलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. वैनी त्या हाताकडं बघत होत्या आणि मी वैनींकडं. माझी जीभ सुटली.

"वैनी, हा साधा गेम न्हाय. मुंबईच्या बड्या डॉक्टरांनी काढलेलं औषध हाय हे. पंधरा दिवसांत हा हात सुताला गाठ मारतोय का न्हाय बघा!"

वैनींनी आत जाऊन हळदीकुंकवाची कुयरी आणली आणि खंडेनवमीला मागाला लावतात तसं माझ्या जुन्या मोबाइलला हळदकुंकू लावलं. तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आता तर आठच दिवस."

वैनींनी त्याचा उजवा अंगठा धरून काचेवर टेकवला आणि फळी सरकवली. चेंडू वर गेला आणि पहिली वीट फुटली. त्याबरोबर त्यानं डाव्या हातानं झटकन वैनींचा हात काचेवरून उचलला. फळी थांबली, चेंडू खाली पडला. दुसऱ्या चेंडूला तेच. तिसऱ्यालाही तेच. मी हसून हसून लोळलो. "अरे गड्या, तोडायचंच असतंय यात!" त्यानं फुटलेल्या विटेच्या जागी बोट दाखवलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाठ मारून दाखवली. तेव्हा माझं हसू थांबलं. धागा तुटला की आधी माग थांबवायचा, गाठ मारायची आणि मग पुढं. अठ्ठावीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं.

मोबाइल तिथंच ठेवून आलो. पुढच्या रविवारी वैनी म्हणाल्या, "काल अंगठा हलला बगा." त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाल्या, "आज तर जास्तच." पंधरा दिवस कधीच उलटून गेले. मग एकदा चहा देताना त्यांनी हळूच विचारलं, "त्या मुंबईच्या डॉक्टरला इचारता का अण्णा, अजून किती दिस लागतील?"

उभ्या जन्मात मी कधी अडखळलो नव्हतो, त्या दिवशी अडखळलो. अर्धा कप तसाच परत दिला. वैनी कप घेऊन आत गेल्या, तसा मी जोडीदाराकडं वळलो आणि कारखान्यातल्यासारखे हात केले: थापा. मी मारल्या. डॉक्टर नाही.

त्यानं मान हलवली. डावा हात उजव्या हातावरून सपाट फिरवला. लाइट जाऊन माग बंद पडला की आम्ही हीच खूण करायचो. मग दाराकडं, वैनींच्या दिशेनं बोट केलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अर्ध्या चेहऱ्यानं तो मला हसत होता.

वैनी बाहेर आल्या आणि पुन्हा अंगठा धरून बसल्या. पहिली वीट फुटली, त्यानं त्यांचा हात उचलला, चेंडू पडला. मी ओरडलो, "वा! मागच्या खेपेपेक्षा लई बरं!"

घरी येऊन कागद भरला. खेळ समजायला सोपा वाटला का? नाही. वेग योग्य आहे का? जास्त आहे. किती विटा फोडल्या? तीन चेंडूंत तीन. काय सुधारावं? फुटलेली वीट जोडता यावी. शेवटचा प्रश्न होता, हा खेळ पुन्हा खेळाल का? लिहिलं: हो, दर रविवारी.

मुलीनं दोनदा वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "बाबा, हे तरी खरं आहे का?"

"शब्द न् शब्द," मी म्हणालो.