बाबांच्या नावाचा टोप

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं, तेव्हा आईने टोप घ्यायचं काढलं. आमच्या वाडीत तशी पद्धत आहे. माणूस गेला की वर्षश्राद्धाला त्याच्या नावाचं एक मोठं भांडं वाडीला द्यायचं. ही भांडी लग्नाला, बाराव्याला, सत्यनारायणाला सगळ्यांनी वापरायची आणि वर्षाच्या पाळीने एकेका घरी ठेवायची. त्या वर्षी पाळी आमची होती. मागच्या पडवीत वाडीतले सगळे गेलेले एकात एक घालून ठेवले होते.

मी रत्नागिरीत एका वाचनालयात काम करते. पगारातून पितळेचा टोप घेतला आणि बाजारात त्यावर नाव घालून घेतलं. आधी ‘कै.’, मग बाबांचं पूर्ण नाव, मग ‘यांच्या स्मरणार्थ’. नाव घालायचं मशीन दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखं वाजतं. घरी आणल्यावर आईने नावावरून बोट फिरवलं.

“बरा आला,” ती म्हणाली. वर्षभरात बाबांबद्दल ती एवढंच बोलली.

श्राद्ध रविवारी होतं. शुक्रवारी सकाळी कोर्टाचा बेलीफ आला.

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या एका मित्राने बोटीचं इंजिन उधारीवर घेतलं आणि बाबा त्याला जामीन राहिले. इंजिन चांगलं निघालं. मित्र त्या बोटीने कुठे गेला ते कळलं नाही. दुकानदाराने दावा लावला, बाबांवर हुकूमनामा झाला, आणि तो वसूल व्हायच्या आत बाबा गेले. मग वारस म्हणून आईला आणि मला नोटीस आली.

नोटीस आल्यावर मी वाचनालयातलं दिवाणी कायद्याचं पुस्तक घरी नेलं. काय काय जप्त करता येत नाही, ते त्यात सविस्तर आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, अंथरूण, रोजची स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं. धर्माप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही. आईने ते वर्षापूर्वीच उतरवले होते. उतरवल्यावर काय, याचा खुलासा मला सापडला नाही. पुढे असं होतं, की मेलेल्या माणसाकडून वारसाकडे जेवढं आलं, तेवढ्यापुरतीच वारसाची जबाबदारी. मी ते वाक्य दोनतीनदा वाचलं.

बेलीफ हेल्मेट काखेत धरून अंगणात उभा होता. सोबत दुकानाचा माणूस, आणि रस्त्यावर टेम्पो. पंच दोन लागतात म्हणून शेजारचे काका आणि समोरच्या काकी आल्या. काकींनी येताना विळी आडवी करून ठेवली असणार, हाताला फणसाचा चीक होता.

“फ्रिज कुणी घेतलेला, आजी?” बेलीफने विचारलं.

“ह्यांनीच. रिटायर झाले तवा.”

बेलीफ जरा थांबला. तिला आणखी काही सांगायचं असेल तर वेळ द्यावा, असं त्याला वाटलं असावं. आईने फ्रिजमधलं दूध आणि बांगड्याची आमटी बाहेर काढली, आतून फडक्याने पुसला आणि म्हणाली, “न्या.” टीव्हीही बाबांचाच होता. कपाटही. कपाट नेताना बाबांचे शर्ट काढून कॉटवर ठेवले. कपडे नेत नाहीत.

मग दुकानाचा माणूस मागच्या पडवीत गेला. “साहेब, इकडे या. पितळ आहे.”

“ती वाडीची भांडी हायत,” आई म्हणाली. ती सकाळपासून पहिल्यांदाच घाईने बोलली.

बेलीफ एकेक भांडं फिरवून नाव वाचू लागला. काका ओळख करून देत होते. “हा माझा बाप. हा चुलता. हे वरच्या घरातले गुरुजी.”

“आणि ही परात?”

“माझी सासू,” काकी म्हणाल्या. “जित्तेपणी कुणाला कधी पोटभर वाढलान नाय. आता पन्नास माणसांचा पीठ मळतात तिच्यात.”

बेलीफने परात खाली ठेवली. शेवटी नवा टोप हातात आला. त्याने नाव वाचलं, वॉरंटवरचं नाव वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

“हा मात्र त्यांचा,” दुकानाचा माणूस म्हणाला. “नाव त्यांचं, वस्तू त्यांची. घ्या, साहेब.”

आईने टोपाचा काठ धरला. ओढला नाही, नुसता धरला. रविवारी तो पंगतीत दिसला नाही, तर आम्ही बाबांच्या नावाचं भांडं दिलं नाही, असं वाडी पुढची पन्नास वर्षं लक्षात ठेवणार होती.

“नावाच्या आधी काय आहे, तेही वाचा,” मी म्हणाले.

“कै.,” बेलीफने वाचलं.

“म्हणजे टोप घेतला तेव्हा ते नव्हते. त्यांच्याकडून आम्हाला आलेलं तेवढंच तुम्हाला नेता येतं. हा मी घेतलाय, ते गेल्यावर.”

“उद्या कुणीही कै. लिहून आणेल!” दुकानाचा माणूस म्हणाला.

“तू आण की लिवून,” काकी म्हणाल्या. “तुझ्याच नावाचा आण. आम्ही वाडीत ठेवून घेतो.”

काकांना खोकला आला. बेलीफने मान खाली घालून पंचनाम्यात काहीतरी लिहिलं आणि टोप आईच्या हातात दिला. त्याने चहा घेतला, दूध बाहेरच होतं. मग टेम्पो मालगुंडच्या रस्त्याला लागला. वळणावर फ्रिजचं दार उघडं पडलं ते बांधायला तो थांबलेला दिसला.

रविवारी भात बाबांच्या टोपात शिजला. कल्हई नवी होती, काही लागलं नाही. जेवणारे म्हणाले, टोप दणकट आहे. पाळी संपली होती, म्हणून संध्याकाळी काका भांडी घेऊन गेले. बाबांचा टोप त्यांनी आपल्या वडिलांच्या टोपात बसवला. बरोबर बसला.

“कल्हई वेळेवर करा हां,” आई अंगणातून म्हणाली.

पडवी रिकामी झाली. खीर आणि वडे बरेच उरले होते आणि ठेवायला फ्रिज नव्हता. खीर आम्ही दोघींनी बसून संपवली. वडे संपेनात. आईने ते फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले.

“राहूदेत,” ती म्हणाली. “त्यांना शिळा वडा आवडायचा.”