बुडबुडा बघणाऱ्या मॅडम

"गप. बघू दे."

पाण्याच्या टबात बोटाएवढी पांढरी नळी बुडवायची, आतून दाबाने हवा सोडायची आणि डोळे बारीक करून बसायचं. बुडबुडा आला की नळी बाद. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मॅडम दिवसभर हेच करायच्या.

नळीवर झिओलाइट नावाच्या खनिजाचा पातळ थर. त्याची भोकं इतकी बारीक की कार्बन डायऑक्साइड निसटतो, मिथेन मागे राहतो. शेजारच्या कारखान्यात सांडपाण्यातून गॅस निघायचा, पण भेसळीचा. बॉयलरला ताव येत नसे, म्हणून कोळसा जाळायचे. तो गॅस या नळ्यांनी गाळला तर कोळसा बंद. आमच्या वस्तीत वाळत घातलेली गोधडी एकदा तरी गोधडीच्या रंगाची दिसली असती. कारखान्याच्या शेठने मॅडमना चाचणीची एकच संधी दिली होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घोषणा द्या म्हटलं की चष्मा पुसतात. मी तर उद्गारचिन्हाशिवाय जेवायलाही मागत नाही. लगेच पत्रक काढलं: 'विषारी धुराचा अंत! जनतेचा विजय!'

"अगं, अंत कुठे?" मॅडम म्हणाल्या. "कोळशाचा धूर जाईल. बाकीच्या वासांवर माझ्याकडे काही नाही."

"असं लिहिलं तर मोर्च्याला कोण येईल?"

"नको येऊ दे. चाचणी आहे, मोर्चा कशाला?"

तरी चाचणीच्या दिवशी आम्ही कारखान्यात गेलोच. चार माणसं, एक डफ. नळी बसवण्याआधी मॅडमनी ती शेवटची एकदा पाण्यात बुडवली. पाणी शांत. मी डफवाल्याला खूण केली.

"थांबा. टोकाला आला."

शेठ वैतागला. "मॅडम, एकच तर बुडबुडा! इतना चलता है. लगा दो ना."

"नाही चालत, शेठ. सगळाच गॅस तिथून पळेल. दुसरी करते, महिनाभर द्या."

"आज नाही तर नाही."

मी त्यांच्या कानाशी लागले. "लावून टाका ना मॅडम. कुणाला कळतंय?"

आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि एका मालकाचं एकमत झालं होतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, नळी पुसली आणि बाद नळ्यांच्या खोक्यात ठेवली. पुढे गाळा बंद झाला. त्या कुठल्याशा दुसऱ्या शहरात गेल्या म्हणे.

त्यांच्या गाळ्यात आता मिठाईचे खोके बनतात. परवा डोकावले, तर नवा गाळेवाला म्हणाला, "इथे आधी नळ्या करायच्या त्या बाई तुमच्या कोण?"

"आमच्या आंदोलनातल्या," मी ठोकून दिलं.

"मग सांगा ना त्यांना, या धुराचं काहीतरी करा. माझा पांढरा माल काळा पडतो."

"सांगते," मी म्हणाले.